शाळा सोडल्याचा दाखला

अमेरिकेत कॉलेजच्या बास्केटबॉलचं प्रस्थ फार मोठं आहे. 1891 साली जेम्स नाइस्मिथ नावाच्या शिक्षकानं स्प्रिंगफील्डच्या व्यायामशाळेत फळांच्या दोन टोपल्या टांगून हा खेळ सुरू केला. पुढे कॉलेजांनी तो इतका उचलून धरला, की एकेका सामन्याला हजारो प्रेक्षक जमू लागले. या कॉलेजांमध्ये बरीच वर्षं एक नियम होता. खेळाडूनं एक कॉलेज सोडून दुसरं धरलं, तर नव्या कॉलेजात त्यानं पहिलं वर्ष सामना खेळायचा नाही. सराव करायचा आणि सामन्याच्या दिवशी बाकावर बसायचं. प्रशिक्षक मात्र नोकरी बदलला, तर दुसऱ्या दिवसापासून नव्या संघाबरोबर उभा! खेळाडूंनी हा नियम 2021 साली सैल करून घेतला आणि आता तिथे दर उन्हाळ्यात शेकडो मुलं कॉलेज बदलतात.

हे वाचलं तेव्हा मला माझीच एक गोष्ट आठवली. मी नागपुरात क्रीडाशिक्षक होतो. आमच्या शाळेच्या बास्केटबॉल संघात आठवीतला एक उंच मुलगा होता. हात मोठे, उडी चांगली, आणि मुख्य म्हणजे चेंडू हातात आल्यावर घाई न करणारा. शहरातल्या दुसऱ्या एका शाळेनं त्याला बोलावलं. तिथे पक्कं कोर्ट होतं, रोज संध्याकाळी सराव होता. त्याचे वडील दाखला मागायला आले. मी त्यांना म्हटलं, "मध्येच शाळा बदलली की अभ्यास बिघडतो." ते म्हणाले, "सर, तुम्ही म्हणता तर राहू द्या." खरं कारण अभ्यास नव्हतं. डिसेंबरात आंतरशालेय स्पर्धा होती आणि तो गेला असता तर माझा संघ मोडला असता. स्पर्धा आम्ही जिंकलो. दहावीनंतर त्या मुलाचा खेळ सुटला. दाखल्यावर 'शाळा सोडण्याचे कारण' असा एक रकाना असतो. त्याच्या दाखल्यावर तिथे 'दहावी उत्तीर्ण' असं मीच माझ्या हातानं लिहिलं.

तेव्हापासून शाळा बदलणाऱ्या खेळाडूंबद्दल जे मिळेल ते मी वाचतो. आपल्याकडे लिहून ठेवलेला इतिहास आहे तो मुख्यतः क्रिकेटचा, म्हणून उदाहरणंही तिथलीच देतो.

पहिलं उदाहरण आपल्या नागपूरचंच. ते शाळेचं नाही, गावाचं आहे. पण प्रश्न तोच. कर्नल सी. के. नायडू 1895 साली नागपुरात जन्मले, इथेच वाढले, इथेच खेळायला शिकले. 1916 साली मुंबईच्या चौरंगी स्पर्धेत हिंदू संघाकडून ते पहिला मोठा सामना खेळले. त्या काळी नागपूर मध्य प्रांत आणि वऱ्हाडची राजधानी होती. सरकारी कचेऱ्या होत्या, मैदानं होती, पण क्रिकेट खेळून पोट भरेल अशी सोय नव्हती. रणजी करंडकच मुळी 1934 साली सुरू झाला. त्याआधी नागपूरच्या फलंदाजानं काय करायचं, तर वर्षातून एकदा मुंबई गाठायची आणि उरलेले दिवस गावात काढायचे.

1923 साली होळकर महाराजांनी त्यांना इंदूरला बोलावलं आणि आपल्या फौजेत कॅप्टनचा हुद्दा दिला. नायडू गेले. तीनच वर्षांनी, 1926 च्या डिसेंबरात, आर्थर गिलिगनचा एम.सी.सी. संघ मुंबईत आला, तेव्हा बॉम्बे जिमखान्यावर त्यांनी दोन तासांच्या आत 153 धावा केल्या. त्यात अकरा षटकार होते. 1932 साली लॉर्ड्सवर भारत पहिला कसोटी सामना खेळला, तेव्हा कर्णधार तेच होते. पुढे पन्नाशी गाठल्यावर त्यांनी होळकर संघाला चार वेळा रणजी करंडक मिळवून दिला. म्हणजे नागपूरच्या माणसानं इंदूरचं कपाट भरलं. याचा राग मानावा का? मला तरी मानता येत नाही. आपण त्यांना खेळ दिला. भाकरी इंदूरनं दिली.

संस्थानं विलीन झाली आणि राजाश्रय संपला. त्यानंतर होतकरू मुलाचा भार कुणी उचलायचा? मुंबईत तो शाळांनी आणि नातेवाइकांनी उचलला. सचिन तेंडुलकर वांद्र्याच्या शाळेत होता. 1984 च्या सुमारास रमाकांत आचरेकर सरांनी सांगितलं, की खेळायचं असेल तर दादरच्या शारदाश्रमात घाला. घरच्यांनी ऐकलं. शाळा बदलली, पण रोजचा बसप्रवास मुलाला झेपेना, तेव्हा तो शिवाजी पार्कजवळ काका-काकूंकडे राहायला गेला. 1988 साली हॅरिस शील्डमध्ये विनोद कांबळीबरोबर केलेली 664 धावांची भागीदारी सगळ्यांच्या तोंडी आहे. ज्यांनी आपल्या घरात त्या मुलासाठी जागा केली, रोज त्याच्या वेळेला ताट वाढलं, त्यांची नोंद मात्र कुठल्याही धावफलकावर नसते.

रोहित शर्माचा जन्म नागपूरच्या बनसोडचा, 1987 चा. घरची परिस्थिती बेताची. आई-वडील डोंबिवलीला एका खोलीत राहायचे आणि मुलगा बोरिवलीला आजी-आजोबांकडे, काकांकडे. 1999 साली काकांच्या पैशांतून तो क्रिकेटच्या शिबिरात गेला. तिथे प्रशिक्षक दिनेश लाड यांनी त्याला पाहिलं आणि शाळा बदलून आपल्या शाळेत, स्वामी विवेकानंद इंटरनॅशनल स्कूलमध्ये, यायला सांगितलं. तिथली फी परवडणारी नव्हती. लाड सरांनी ती माफ करून घेतली आणि चार वर्षं त्याला एक पैसा भरावा लागला नाही. तेव्हा तो ऑफस्पिन टाकायचा आणि आठव्या क्रमांकावर फलंदाजीला यायचा. नव्या शाळेत सरांनी त्याच्यातला फलंदाज ओळखला आणि त्याला सलामीला पाठवलं. जुन्या शाळेत हे कुणाच्या लक्षात आलं असतं का, असा प्रश्न मला पडतो. मी जुन्या शाळेचा मास्तर आहे, म्हणून जास्तच पडतो.

ज्याला बोलावणारी शाळाच नसते, त्याचं काय होतं तेही पाहा. उमेश यादव खापरखेड्याजवळच्या वलनीचा, कोळसा खाणीतल्या कामगाराचा मुलगा. विशीच्या उंबरठ्यापर्यंत टेनिस बॉलवरच खेळला. पोलिसात आणि सैन्यात भरती व्हायचे प्रयत्न केले, तिथेही जमलं नाही. 2007 साली विदर्भ जिमखान्यात आल्यावर लेदर बॉल त्याच्या हाती आला आणि पुढच्याच वर्षी तो रणजी खेळला. तो पोचला. पण वलनीसारख्या वस्त्यांमधून असे किती जण पोचले असते, हा हिशेब कुणी मांडलेला नाही.

अलीकडे वारं उलटं वाहतं आहे. राज्य बदलायचं तर जुन्या संघटनेचं 'ना हरकत प्रमाणपत्र' लागतं. हाही एक शाळा सोडल्याचा दाखलाच. तो घेऊन बाहेरचे खेळाडू आता विदर्भात येतात. विदर्भ 1957-58 च्या मोसमात पहिल्यांदा रणजी खेळला आणि पुढची साठ वर्षं बहुतेक हरतच राहिला. मग मुंबईचा वसीम जाफर आला, मुंबईचेच चंद्रकांत पंडित प्रशिक्षक म्हणून आले आणि फैज फजलच्या नेतृत्वाखाली 2017-18 मध्ये विदर्भानं अंतिम फेरी गाठली. आपल्या रजनीश गुरबानीनं दिल्लीविरुद्ध हॅट्‌ट्रिक घेतली, अक्षय वाडकरनं शतक केलं आणि 1 जानेवारी 2018 ला विजयाचा फटका जाफरनं मारला.

मी त्या दिवशी रेडिओला कान लावून होतो. करंडक प्रथमच विदर्भात येत होता, आणि सामना चालला होता इंदूरच्या होळकर स्टेडियमवर.