हकिमांच्या शाळेपासून गावच्या आरोग्यसेविकेपर्यंत

काचीगुडा स्थानकाची देखणी इमारत १९१६ सालची आहे. मनमाडहून निघून औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड, निजामाबाद अशी मजल मारीत येणाऱ्या गाडीने आपल्या या भागाला पिढ्यान्‌पिढ्या मराठवाड्याशी जोडून ठेवले. त्या गाडीतून विद्यार्थी आले, वकील आले, व्यापारी आले, आणि फार मोठ्या संख्येने आले ते रुग्ण. काचीगुडा, कुतबीगुडा, सुलतान बाजार, बरकतपुरा या वस्त्यांतील क्वचितच एखादे मराठी घर असेल, जिथे परभणी-नांदेडकडचे कोणी दूरचे नातलग अंथरुणाची वळकटी आणि आजारी माणूस घेऊन उतरले नाही.

आमच्याही घरी असे एक मामा आले होते. त्यांना क्षय झाला होता. शहरातील एका मोठ्या रुग्णालयात त्यांना औषध मिळाले, ते घ्यावयाचे कसे हेही सांगण्यात आले. मात्र सांगणाऱ्याची भाषा एक, ऐकणाऱ्याची दुसरी. मामांनी आदराने मान डोलावली. खोकला थांबताच महिना-दीड महिन्यात त्यांनी गोळ्या बंद केल्या, कारण वर्ष-दीड वर्ष त्या घ्यावयाच्या आहेत हे त्यांना उमगलेच नव्हते. पुढच्या दिवाळीला ते नव्हते. औषध चुकले नव्हते, डॉक्टरही चुकले नव्हते. मग चुकले काय? आपल्या प्रांतात आरोग्यसेवकांना कोणी, कोणत्या भाषेत आणि कोणासाठी शिकविले, हा प्रश्न तेव्हापासून प्रस्तुत लेखकाच्या मनात घर करून आहे. त्या प्रश्नाचा इतिहास आपल्या पायाखालच्याच भूमीत आहे.

१८४६ साली, चौथे निजाम नासिरुद्दौला यांच्या कारकिर्दीत, रेसिडेन्सीचे शल्यचिकित्सक डॉ. विल्यम कॅम्पबेल मॅक्लीन यांच्या देखरेखीखाली हैदराबादेत वैद्यकाची शाळा सुरू झाली. मुंबईचे ग्रँट मेडिकल कॉलेज त्याच्या एकच वर्ष आधीचे. मात्र या दोहोंत एक लक्षणीय भेद होता. मुंबईत पाश्चात्त्य वैद्यक इंग्रजीतून शिकविले जाई; हैदराबादेत ते उर्दूतून शिकविण्यात आले, आणि येथून उत्तीर्ण होणाऱ्यास 'हकीम' ही जुनी, लोकांच्या ओळखीची पदवी मिळाली. शरीरशास्त्र नवे, शल्यक्रिया नवी. पण बिरुद असे की रोग्याने घाबरू नये. आजच्या प्रशिक्षणतज्ज्ञांनी अभ्यासावी अशी ही युक्ती होती. मुंबई इलाख्यालाही हे शहाणपण लवकरच सुचले. १८६० च्या दशकात ग्रँट कॉलेजात मराठी व गुजराती भाषांतील वर्ग उघडण्यात आले आणि १८७८ पासून पुण्याच्या बैरामजी जीजीभाई मेडिकल स्कूलने ती परंपरा पुढे नेली. मराठीतून वैद्यक शिकविता येत नाही असे म्हणणाऱ्यांना या इतिहासाची आठवण करून द्यावी लागते, हेच नवल.

हैदराबादच्या शाळेला १८८५ नंतर डॉ. एडवर्ड लॉरी यांचे नेतृत्व लाभले. क्लोरोफॉर्म देताना हृदयाकडे लक्ष द्यावे की श्वसनाकडे, या वादाचा निर्णय लावण्यासाठी १८८८ आणि १८८९ साली येथे नेमलेल्या दोन आयोगांमुळे हैदराबादचे नाव जगाच्या वैद्यकीय नियतकालिकांत गाजले. लॉरी यांच्याच काळात अध्यापनाची भाषा इंग्रजी झाली. आणि त्यांच्याच काळात या शाळेत पाच स्त्रिया दाखल झाल्या, त्यांपैकी एक रूपाबाई फर्दुनजी. भूल देण्याच्या शास्त्रात त्यांनी प्रावीण्य मिळविले. पुढे बाल्टिमोर आणि एडिंबरो येथे जाऊन अधिक शिक्षण घेतले. आणि १९२० साली चादरघाटच्या रुग्णालयाच्या अधीक्षक म्हणून त्या निवृत्त झाल्या. चादरघाट म्हणजे काचीगुड्यापासून पायी चालण्याचे अंतर. आनंदीबाई जोशींचे नाव आपल्या घराघरांत आहे आणि ते असावेच. पण आपल्या शेजारी आयुष्यभर राबलेल्या या पारशी विदुषीचे नाव आपल्यापैकी किती जणांस ठाऊक आहे?

डॉक्टरांचा इतिहास असा सांगता तरी येतो. त्यांच्या हाताखालच्या माणसांचा इतिहास मात्र शोधावा लागतो. २० ऑगस्ट १८९७ रोजी बेगमपेठच्या छोट्या दवाखान्यात रोनाल्ड रॉस यांना डासाच्या जठरात हिवतापाचे जंतू दिसले, हे शाळकरी मुलासही पाठ असते. ते डास ज्याच्या रक्तावर पोसले होते तो हिवतापाचा रुग्ण हुसेन खान होता. दर डासामागे एक आणा, याप्रमाणे त्याला आठ डासांचे आठ आणे मिळाले. रॉस यांना १९०२ साली नोबेल पारितोषिक मिळाले. हुसेन खानाचे नाव इतिहासात राहिले ते रॉस यांनी टिपून ठेवले म्हणूनच.

त्याच वर्षी पुण्यात प्लेगने हाहाकार माजविला होता. घरोघर तपासणीसाठी गोरे सोजीर पाठविण्यात आले. ज्यांना लोकांची भाषा येत नाही, देवघर कोणते आणि माजघर कोणते हे कळत नाही, अशांच्या हाती सार्वजनिक आरोग्य सोपविले की काय होते, हे रँडच्या वधाने साऱ्या जगाला दाखविले. त्याच साथीत सावित्रीबाई फुले आपले पुत्र डॉ. यशवंतराव यांच्यासह रुग्णांची शुश्रूषा करीत होत्या आणि १० मार्च १८९७ रोजी प्लेगनेच त्या गेल्या. एकाच शहरात, एकाच रोगासंबंधाने, दोन प्रकारचे आरोग्यसेवक वावरत होते. दोघांच्या औषधांत फारसा फरक नव्हता. प्लेगवर तेव्हा खात्रीचे औषधच नव्हते. लोकांनी दार कोणासाठी उघडले, एवढाच फरक.

हैदराबाद संस्थानात पुढचे पाऊल पडले ते उस्मानिया विद्यापीठाच्या स्थापनेने. १९१७ साली त्यासाठी भाषांतर विभाग, म्हणजे 'दारुल तर्जुमा', उघडण्यात आला. भौतिकशास्त्रापासून वैद्यकापर्यंत ग्रंथांचे उर्दू अनुवाद तेथे झाले, परिभाषेवर विद्वानांनी वर्षानुवर्षे खल केला. जुन्या शाळेचे रूपांतर होऊन उस्मानिया मेडिकल कॉलेजात पुन्हा उर्दूतून वैद्यक शिकविले जाऊ लागले. १९०८ च्या मुसी नदीच्या महापुरात अफझलगंजचे रुग्णालय वाहून गेले होते. १९२५ पर्यंत नदीकाठी उस्मानिया रुग्णालयाची भव्य वास्तू उभी राहिली होती. एका भारतीय भाषेत उच्च वैद्यकीय शिक्षणाचा एवढा मोठा प्रयोग अन्यत्र झाला नाही, आणि त्याचे श्रेय मोकळ्या मनाने दिले पाहिजे.

पण येथेच एक मेख होती. संस्थानातील सुमारे निम्मी प्रजा तेलुगु बोलत असे, चौथा हिस्सा मराठी. त्याखालोखाल कन्नड आणि उर्दू. बीडच्या किंवा उस्मानाबादच्या खेड्यातील बाईला इंग्रजी जितकी परकी, पुस्तकी उर्दू त्याहून फार जवळची नव्हती. केशवराव कोरटकर, वामनराव नाईक आदींनी विवेकवर्धिनीसारख्या संस्थांतून मातृभाषेच्या शिक्षणाचा दिवा जपला, तो अनेक अडचणींना तोंड देऊन. आरोग्यखात्यात मात्र हा विचार पोहोचला नाही. खेड्यात प्रत्यक्ष पोहोचत होता तो 'देवीडॉक्टर', म्हणजे देवी काढणारा, पटकीच्या दिवसांत विहिरीत औषध टाकणारा शिपाई, दवाखान्यातला कंपाउंडर, आणि या सर्वांच्या कितीतरी आधीपासून असलेली सुईण. यांना कोणी शिकविले? बव्हंशी कोणीच नाही. एकाचे पाहून दुसरा शिकला. दारुल तर्जुमात शल्यशास्त्राच्या परिभाषेसाठी जेवढी शाई खर्ची पडली, तिच्या शतांशानेही सुईणीसाठी मराठीत किंवा तेलुगुत चार पाने लिहिली असती तर किती बाळंतिणी वाचल्या असत्या, असा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

१९४६ साली भोर समितीने आपला अहवाल दिला. समितीने 'सामाजिक वैद्य' घडविण्यासाठी प्रतिबंधक व सामाजिक वैद्यकाचे तीन महिन्यांचे शिक्षण सुचविले आणि दर चाळीस हजार वस्तीमागे प्राथमिक आरोग्य केंद्राची कल्पना मांडली. १९४८ साली संस्थान भारतात विलीन झाले, उस्मानियातील उर्दू माध्यम गेले आणि इंग्रजी आले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी त्रिभाजन होऊन मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात गेला. तिकडे औरंगाबादला आणि नंतर अंबाजोगाईला वैद्यकीय महाविद्यालये झाली. अंबाजोगाईच्या महाविद्यालयास स्वामी रामानंद तीर्थांचे नाव देण्यात आले. आपण हैदराबादकर मराठी मात्र गाडीच्या या टोकाला राहिलो. रुग्ण येत राहिले.

याच सुमारास आपल्या शेजारी एक मोठी घटना घडली. कुन्नूर येथे मॅक्कॅरिसन यांनी १९१८ साली लहानशा स्वरूपात सुरू केलेली पोषणविषयक संशोधन संस्था १९५८ साली हैदराबादला, उस्मानिया विद्यापीठाच्या परिसराजवळ तारनाक्यास, आली. त्या वेळी तिची धुरा डॉ. व्ही. एन. पटवर्धन या मराठी शास्त्रज्ञाकडे होती, त्यांच्यानंतर डॉ. सी. गोपालन आले. १९६९ पासून ती राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून ओळखली जाते. संस्थेचे संशोधन सर्वश्रुत आहे. तिचे दुसरे अंग तितकेच मोलाचे आहे: देशभरातील आणि आग्नेय आशियातील वैद्यकीय अधिकारी येथे येऊन काही आठवड्यांचा पोषणशास्त्राचा अभ्यासक्रम पूर्ण करतात आणि परत जाऊन आपल्या हाताखालच्यांना शिकवितात.

हे शिक्षण किती मातीतले होते याचे एक उदाहरण पुरे. दख्खनमध्ये ज्वारीवर जगणाऱ्या गरिबांत पेलाग्रा हा रोग आढळे: उन्हाळ्यात मानेवर, हातांवर काळवंडलेली, सोललेली कातडी, जुलाब आणि भ्रम. तो मक्याचा रोग, असे पुस्तके सांगत. १९६० साली गोपालन आणि श्रीकांतिया यांनी ज्वारीतील ल्यूसिनच्या आधिक्याशी त्याचा संबंध जोडला. या मीमांसेवर पुढे मतभेद झाले; परंतु भाकरी खाणाऱ्याकडे पाहून निदान करावयास येथे शिकविले गेले, हे महत्त्वाचे. संस्थेचे 'न्यूट्रिटिव्ह व्हॅल्यू ऑफ इंडियन फूड्स' हे पुस्तक ज्यांनी चाळले असेल त्यांना त्याच्या शेवटी धान्यांची, भाज्यांची देशी भाषांतील नावे दिलेली आठवतील. त्यांत मराठीही आहे. आहारतज्ज्ञाला कोष्टक कळले तरी रुग्णाशी बोलताना शेपू, अंबाडी, करडई हेच शब्द लागतात, हे त्या संपादकांना उमजले होते.

आणि तरीही शेवटची पायरी अपुरीच होती. ती चढून दाखविली बीडच्या सीमेला लागून असलेल्या जामखेडने. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन १९७० साली तेथे आले. शिक्षणाचे ठिकाण तेच बाल्टिमोर, जेथे रूपाबाई गेल्या होत्या. त्यांनी गावोगावच्या स्त्रिया निवडल्या, बहुतेक निरक्षर, पुष्कळशा दलित. आठवड्यातून एकदा त्या केंद्रात जमत, चित्रे पाहत, गात, गेल्या आठवड्यात काय घडले ते सांगत आणि पुन्हा गावी जात. लेखी परीक्षा नव्हती. नाळ कशी कापावी, जुलाब झालेल्या मुलाला मीठ-साखरेचे पाणी कसे द्यावे, हे त्या आपल्याच बोलीत शेजारणीला सांगत. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पुढे गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी गावच्या आरोग्यदूतांना नवजात अर्भकांची घरच्या घरी काळजी घेण्यास शिकविले. २००५ नंतर देशभर नेमलेल्या 'आशा' कार्यकर्त्यांमागे अशा प्रयोगांची पुण्याई आहे.

नारूची गोष्ट सांगितल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. मराठवाड्यात नारू झालेली माणसे आमच्या वडीलधाऱ्यांनी पाहिली होती. पायातून निघणारा तो दोऱ्यासारखा जंत काडीवर गुंडाळून दिवसेंदिवस हळूहळू ओढावा लागे. या रोगावर लस नव्हती, औषधही नव्हते. पायऱ्यांच्या विहिरीत जखमेचा पाय बुडवू नका आणि पाणी फडक्याने गाळून प्या, एवढेच सांगावयाचे होते, पण ते प्रत्येक घरात आणि प्रत्येकाला कळेल असे सांगावयाचे होते. १९८० च्या दशकात देशव्यापी मोहीम सुरू झाली. तेलुगु, कन्नड, मराठी, राजस्थानी, गुजराती, तमिळ, जिथे जी बोली, तिथे त्या बोलीत आरोग्यसेवक घरोघर हिंडले. १९९६ साली राजस्थानात देशातील अखेरचा रुग्ण आढळला आणि २००० साली भारत नारूमुक्त घोषित झाला.

आमच्या मामांच्या औषधाची चिठ्ठी वडिलांनी बरीच वर्षे एका पोथीत ठेवली होती. तिच्या मागच्या बाजूला, शेजारच्या कोणा परिचारिका मुलीने नंतर, फार उशिरा, बारीक अक्षरात मराठीत लिहून दिले होते: "रोज, उपाशीपोटी, दीड वर्ष. बरे वाटले तरी सोडू नये."