गुहेची किल्ली कोणाकडे?

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर तिमारू नावाचं बंदराचं शहर आहे. तिथल्या एकोणिसाव्या शतकातल्या काळ्या दगडी गोदामात माओरी शैलचित्रांचं केंद्र आहे. नाव 'ते आना', म्हणजे गुहा. हे केंद्र न्गाई ताहू या माओरी जमातीचं. चित्रं ज्यांच्या पूर्वजांनी काढली, तेच लोक ती तुम्हाला दाखवतात. मला यातली हीच गोष्ट सगळ्यात मोठी वाटते. कारण इथवर यायला त्यांना शंभर वर्षं वाट बघावी लागली.

ही चित्रं आपल्या कोकणातल्या कातळशिल्पांसारखी नाहीत. तिथे चुनखडीच्या कपारींत कोळशाने आणि तांबड्या गेरूने रेखाटलेली आहेत. माणसं, कुत्रे, पक्षी, तानिव्हा नावाचे पाण्यातले अद्भुत प्राणी. कायमचा नामशेष झालेला मोआ पक्षीसुद्धा आहे. म्हणजे ज्यांनी तो जिवंत पाहिला, त्यांच्या हातची ही नोंद. दक्षिण बेटावर अशा पाचशेहून जास्त जागा सापडल्या आहेत.

आता हाल बघा. १९१६ च्या सुमारास डॉ. एल्मोर नावाच्या एका अमेरिकन माणसाने चित्रं खडकासकट कापून काढली. तुकडे वेगवेगळ्या संग्रहालयांत गेले, कपारीत नुसते खड्डे उरले.

पुढे १९४० च्या दशकात सरकारने थिओ स्खून या डच वंशाच्या चित्रकाराला नकला करायला नेमलं. माणूस मनापासून काम करणारा. ही चित्रं म्हणजे अस्सल कला आहे, हे त्याने देशाला पटवलं. पण फोटो स्पष्ट यावेत म्हणून मूळ रेषांवरून त्याने चक्क खडू फिरवला! मग १९६० च्या दशकात वैताकी नदीवर धरणं झाली आणि काही चित्रं पाण्याखाली गेली.

एकाने लुटलं, दुसऱ्याने प्रेमापोटी बिघडवलं, तिसऱ्याने विकासासाठी बुडवलं. तिघांनीही चित्रांच्या वारसांना विचारलं नाही.

२००२ मध्ये न्गाई ताहूंनी शैलचित्रांसाठी स्वतःचा ट्रस्ट काढला. त्यानंतर काही वर्षांनी 'ते आना' सुरू झालं. कापून नेलेल्या खडकांपैकी काही आज तिथे बघायला मिळतात. मूळ जागा बहुतेक खासगी शेतांत आहेत. गुरं भिंतीला अंग घासतात, ओलीने चुनखडीचे पापुद्रे सुटतात. म्हणून शेतमालकांशी बोलून कुंपण घालणं, नोंदी ठेवणं हे काम चालू असतं. जागेवर जाऊन बघायचं तर जमातीच्या वाटाड्याबरोबर जाता येतं.

वारसा म्हटलं की आपल्याला आधी फलक, तिकीटखिडकी आणि उद्घाटनाची फीत आठवते. तिमारूत सुरुवात वेगळ्या प्रश्नापासून झाली : हे कोणाचं आहे, आणि त्यांना विचारलं का? आपल्या गावातल्या जुन्या वास्तूबद्दल हा प्रश्न शेवटचा कधी विचारला गेला? कमेंटमध्ये जरूर सांगा.