मूत्रपिंडाच्या चाचणीचं कूळ इन्सुलिनचं

मधुमेहाने मूत्रपिंडाला इजा होऊ लागली आहे का, हे पाहायला आज लघवीतल्या अल्ब्युमिन या प्रथिनाचं आणि क्रिएटिनिनचं गुणोत्तर काढतात. या चाचणीचं मूळ बहुतेक जण लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलात शोधतात. १८२७ मध्ये तिथल्या रिचर्ड ब्राइट यांनी लघवीतलं प्रथिन आणि मूत्रपिंडाचा विकार यांची सांगड घातली. चमच्यात लघवी घेऊन मेणबत्तीवर धरायची. प्रथिन असलं तर ती गढूळते, साका धरते. पुढे १९६३ मध्ये तिथल्याच हॅरी कीन आणि क्लोव्हेराकिस यांनी अल्ब्युमिनचा अगदी थोडा अंश मोजण्याची रीत दिली.

ही वंशावळ मला पटत नाही. चमच्यात साका दिसतो तोवर मूत्रपिंड बरंच बिघडलेलं असतं. दिवसाला ३० ते ३०० मिलिग्रॅम अल्ब्युमिन जाण्याचा टप्पा साध्या रंगपट्टीच्याही हाती सहसा लागत नाही. कीन यांचं हत्यार न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधलं.

तिथे माजी सैनिकांच्या रुग्णालयात रोझलिन यालो आणि सॉलोमन बर्सन वेगळ्याच प्रश्नामागे होते: टोचलेलं इन्सुलिन रक्तातून किती वेगाने नाहीसं होतं? त्यांनी किरणोत्सारी आयोडीन जोडलेलं इन्सुलिन दिलं. आधीपासून इन्सुलिन घेणाऱ्यांच्या रक्तात ते जास्त वेळ रेंगाळलं. प्राण्यांच्या स्वादुपिंडातून काढलेल्या इन्सुलिनविरुद्ध त्यांच्या शरीरात प्रतिपिंडं तयार झाली होती आणि तीच त्याला धरून ठेवत होती. हे मांडणारा त्यांचा शोधनिबंध आधी नाकारला गेला. छापून आला १९५६ मध्ये. याच पकडीतून रेडिओइम्युनोअसे निघाली. खुणेचं इन्सुलिन आणि नमुन्यातलं इन्सुलिन एकाच प्रतिपिंडासाठी झगडतात. खुणेचं जितकं बाहेर पडेल, तितकं नमुन्यात जास्त. १९७७ मध्ये यालो यांना नोबेल मिळालं. बर्सन १९७२ मध्येच वारले होते.

कीन यांनी याच तत्त्वावर इन्सुलिनच्या जागी अल्ब्युमिन ठेवलं. ते मधुमेहाचेच संशोधक, त्यामुळे इन्सुलिन मोजण्याची ही रीत त्यांना जवळची असणार. हा थोडासा पाझर पुढच्या मूत्रपिंडविकाराची पूर्वसूचना असतो, हे १९८२ मध्ये गाय्जच्या विबर्टी यांनी आणि १९८४ मध्ये डेन्मार्कच्या मोगेन्सन यांनी दाखवलं.

आता बहुतेक प्रयोगशाळांतून किरणोत्सार गेला, प्रतिपिंड राहिलं. ते अल्ब्युमिनला चिकटून येणारा गढूळपणा यंत्र मोजतं. गढूळपणा ब्राइट यांचा म्हणा हवं तर, पण पकड ब्राँक्सचीच.

टाइप २ मधुमेह असेल तर निदान झाल्याबरोबर आणि टाइप १ असेल तर पाच वर्षांनंतर ही चाचणी सुरू करा; पुढे दरवर्षी करा. ताप, लघवीतला जंतुसंसर्ग किंवा जोराचा व्यायाम यांनीही आकडा वाढतो. म्हणून एका अहवालाने घाबरू नका. तीन ते सहा महिन्यांतल्या तीनपैकी दोन नमुन्यांत वाढ दिसली, तरच ती खरी धरतात.