होंडा सीबी ७५०

होंडा सीबी ७५० ही होंडा या जपानी कंपनीची चार सिलिंडरांची, हवेने थंड होणारी मोटारसायकल आहे. ती ऑक्टोबर १९६८ मध्ये टोकियो मोटार शोमध्ये प्रथम दाखवण्यात आली व १९६९ पासून विक्रीस आली. एका कॅमशाफ्टचे इंजीन असलेली मूळ मालिका १९७८ पर्यंत निघत होती. १९७९ पासून त्याच नावाने दोन कॅमशाफ्टांची वेगळी गाडी आली. प्रस्तुत लेखात मूळ मालिकेचा विचार केला आहे. संग्राहकांत या गाडीला आजही मागणी आहे. अनेक वर्षे बंद राहिलेली अशी गाडी पुन्हा चालू करताना तिचे चार कार्ब्युरेटर हा बहुधा पहिला अडथळा ठरतो.

इतिहास

अमेरिकेतील ग्राहकांना होंडाच्या सीबी ४५० पेक्षा मोठी गाडी हवी होती. तेथील मोठ्या मोटारसायकलींच्या बाजारात तेव्हा हार्ले-डेव्हिडसन आणि ब्रिटिश कंपन्यांचे वर्चस्व होते. योशिरो हारादा यांच्या नेतृत्वाखालील गटाने ७५० वर्गातील नवी गाडी तयार केली. तिची अमेरिकेतील आरंभीची किंमत १,४९५ डॉलर होती. चार सिलिंडर, पुढील चाकाला हायड्रॉलिक डिस्क ब्रेक, बटणावर चालू होणारे इंजीन आणि ताशी सुमारे २०० किलोमीटर वेग हे सारे एकत्र व एवढ्या किमतीत त्यापूर्वी मिळत नव्हते. १९७० मध्ये डिक मान यांनी याच गाडीच्या शर्यतीसाठी घडवलेल्या आवृत्तीवर अमेरिकेतील ‘डेटोना २००’ ही शर्यत जिंकली.

पहिल्या सुमारे ७,४०० इंजिनांच्या क्रँककेसचा पृष्ठभाग खरबरीत आहे. त्यांना ‘सँडकास्ट’ म्हणतात. प्रत्यक्षात हे भाग वाळूच्या साच्यात नव्हे, तर कायमस्वरूपी धातूच्या साच्यात ओतलेले होते. नाव मात्र रूढ झाले, आणि या गाड्यांची किंमत इतरांपेक्षा कितीतरी जास्त असते.

रचना

इंजिनाची क्षमता ७३६ घन सेंटिमीटर असून सिलिंडरचा व्यास ६१ मिलिमीटर व पिस्टनची धाव ६३ मिलिमीटर आहे. इंजिनातील तेल वेगळ्या टाकीत साठवले जाते. ठिणगीसाठी दोन काँटॅक्ट पॉइंट व दोन इग्निशन कॉइल आहेत. एक कॉइल बाहेरच्या १ व ४ या सिलिंडरांना, तर दुसरी आतल्या २ व ३ या सिलिंडरांना ठिणगी पुरवते. ही जोडी लक्षात ठेवणे दोषनिदानात फार उपयोगी पडते.

प्रत्येक सिलिंडरला केईहिन कंपनीचा २८ मिलिमीटरचा स्वतंत्र कार्ब्युरेटर आहे. अगदी आरंभीच्या गाड्यांत थ्रॉटलची एक केबल चार शाखांत विभागून चारही कार्ब्युरेटरांकडे जात असे. चार केबलींचा ताण सारखा राखणे त्रासाचे होते. पुढच्या के१ या आवृत्तीपासून चारही स्लाइड एका सामाईक दांड्याने उचलल्या जाऊ लागल्या. १९७७ पासून वेगळ्या घडणीचे, ॲक्सिलरेटर पंप असलेले कार्ब्युरेटर वापरले गेले. त्यामुळे भाग मागवताना गाडीचे वर्ष पाहणे आवश्यक असते.

भारतात १ एप्रिल २०२० रोजी बीएस-६ मानके लागू होईपर्यंत बहुतेक दुचाकींना एकच सिलिंडर व एकच कार्ब्युरेटर असे. तेथे मिश्रण थोडे बिघडले तरी गाडी कशीबशी चालत राहते. चार सिलिंडरांच्या गाडीत प्रत्येक कार्ब्युरेटर नीट असून भागत नाही. चौघांनी एकसारखे काम करावे लागते.

खरेदीपूर्व तपासणी

बंद गाडी विकताना ‘फक्त कार्ब्युरेटर साफ करायचे आहेत’ असे सांगण्याचा प्रघात जगभर आहे. हे विधान खरे असू शकते, पण ते किमतीत गृहीत धरू नये. प्रथम चारही प्लग काढून, सिलिंडरांत थोडे तेल सोडून किकने इंजीन सावकाश फिरते का हे पाहावे. त्यानंतर प्रत्येक सिलिंडरचा दाब गेजने मोजावा. चारही आकडे एकमेकांच्या जवळ असणे महत्त्वाचे आहे. एकच आकडा फार कमी आला, तर दोष व्हॉल्व्ह, पिस्टन रिंग किंवा गॅस्केटमध्ये असतो व तो कार्ब्युरेटर साफ करून जात नाही.

आरंभीच्या गाड्यांत मागील चाकाची चेन तुटून क्रँककेस फोडत असे. पुढील स्प्रॉकेटच्या मागचा भाग वेल्डिंग केलेला आहे का, हे आवरण काढून पाहावे. टाकीचे झाकण उघडून आतला गंज पाहावा. मूळ चार सायलेन्सर व मूळ एअर फिल्टरची पेटी गाडीसोबत आहेत का, हेही विचारावे. ते नंतर मिळवणे कार्ब्युरेटरच्या दुरुस्तीपेक्षा महाग पडते.

कार्ब्युरेटरमधील बिघाड

टाकीत व फ्लोटच्या वाटीत पेट्रोल राहू दिले, की त्यातील हलके घटक उडून जातात व मागे वार्निशसारखा चिकट थर उरतो. आयडलिंगच्या जेटचे छिद्र अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक असल्याने ते सर्वप्रथम बुजते. अशी गाडी चोक ओढल्यावर चालते, चोक सोडला की बंद पडते, आणि वेग वाढवल्यावर मात्र बरी धावते, कारण तेव्हा पेट्रोल मुख्य जेटमधून येते. इथेनॉलमिश्रित पेट्रोल हवेतील ओलावा शोषून घेते व जुने रबर फुगवते. भारतात सध्या हे प्रमाण २० टक्क्यांपर्यंत आहे.

दुसरा बिघाड अधिक धोक्याचा असतो. फ्लोटची सुई नीट बसली नाही, तर पेट्रोल वाहतच राहते. वाटीतील पितळी ओव्हरफ्लो नळी मोकळी असेल, तर ते जमिनीवर गळते. ती बुजलेली असेल, तर ते सिलिंडरमध्ये जाते व तेथून झिरपून तेलात मिसळते. तेलाला पेट्रोलचा वास येत असल्यास ते बदलल्याशिवाय इंजीन चालू करू नये. पातळ झालेले तेल बेअरिंगांचे रक्षण करू शकत नाही. सिलिंडरच पेट्रोलने भरला असेल, तर स्टार्टर दाबताच कनेक्टिंग रॉड वाकण्याची भीती असते.

तिसरे कारण कार्ब्युरेटरच्या बाहेर असते. कार्ब्युरेटर व सिलिंडर हेड यांमधील रबरी नळ्या कालांतराने कडक होतात. त्यांतून हवा आत शिरते व मिश्रण विरळ होते. थ्रॉटल सोडल्यावरही इंजिनाचे फेरे लवकर खाली येत नाहीत, हे त्याचे नेहमीचे लक्षण आहे. विरळ मिश्रणावर इंजीन जास्त तापते, व तसेच दामटत राहिल्यास पिस्टन जळू शकतो. मूळ एअर फिल्टरची पेटी काढून प्रत्येक कार्ब्युरेटरला सुटा फिल्टर लावल्यानेही मिश्रण बदलते. दिसायला हा बदल आकर्षक असला, तरी अनेक नवख्या मालकांच्या तक्रारींचे मूळ त्यातच असते.

दुरुस्तीचा क्रम

सर्वप्रथम व्हॉल्व्हचे अंतर इंजीन थंड असताना जुळवतात (इनटेक ०.०५, एक्झॉस्ट ०.०८ मिलिमीटर). त्यानंतर पॉइंटचे अंतर (०.३ ते ०.४ मिलिमीटर) व ठिणगीची वेळ पाहतात. १ व ४, किंवा २ व ३ हे सिलिंडर जोडीने बंद असतील, तर संशय पॉइंट, कंडेन्सर अथवा कॉइलवर घ्यावा. एकटाच सिलिंडर थंड राहत असेल, तर प्लग, त्याची टोपी किंवा त्याचा कार्ब्युरेटर तपासावा. हा साधा नियम न पाळल्याने निर्दोष कार्ब्युरेटर पुनःपुन्हा उघडले जातात.

कार्ब्युरेटर उघडल्यावर रबरी भाग काढून घेऊन धातूचे भाग द्रावणात किंवा अल्ट्रासॉनिक यंत्रात धुतात व प्रत्येक मार्गातून दाबाची हवा सोडतात. जेटमध्ये पोलादी तार घालू नये, कारण छिद्र मोठे झाल्यास जेट निकामी होतो. बाजारातील स्वस्त संचांतील जेट व सुया मापात नेमक्या नसतात. मूळ पितळी भाग झिजलेले नसतील, तर तेच साफ करून बसवावेत व केवळ गॅस्केट आणि ओ-रिंग नव्या घ्याव्यात. फ्लोटची उंची चारही कार्ब्युरेटरांत सारखी ठेवावी लागते. आरंभीच्या के मालिकेत ती २६ मिलिमीटर आहे.

कार्ब्युरेटर गाडीवर चढवण्यापूर्वी प्रत्येक स्लाइडखाली एकाच जाडीची ड्रिलची काडी सरकवून चारही स्लाइड सारख्या उंचीवर आणतात. अंतिम समतोल इंजीन गरम व चालू असताना साधतात. चार व्हॅक्युम गेज इनटेकच्या छिद्रांना जोडून चारही काटे सारखे येईपर्यंत जुळवणीचे स्क्रू फिरवले जातात. या वेळी मूळ टाकी काढलेली असल्याने पेट्रोल छोट्या तात्पुरत्या टाकीतून पुरवतात. हवेने थंड होणारे इंजीन जागेवर चालताना पटकन तापते, म्हणून समोर मोठा पंखा ठेवणे आवश्यक आहे. टाकीतील गंज काढलेला नसेल, तर तो काही दिवसांतच जेटमध्ये पोहोचतो व सारे काम पुन्हा करावे लागते.