बॅ. अंतुले : वकील, खासदार आणि आरोपी

बॅरिस्टर अब्दुल रहमान अंतुले यांचे नाव निघाले की आपल्या बैठकीत दोन मते ऐकू येतात. एक म्हणतो, महाराष्ट्राचे पहिले मुस्लिम मुख्यमंत्री. दुसरा म्हणतो, सिमेंट प्रकरण. दोन्ही खरे, पण दोघांनाही त्यांच्यातला वकील दिसत नाही.

सावित्रीकाठच्या आंबेत गावी ९ फेब्रुवारी १९२९ रोजी जन्मलेला हा कोकणी मुसलमान लंडनच्या लिंकन्स इनमधून बॅरिस्टर होऊन आला. १९६२ पासून विधानसभा, १९७६ ला राज्यसभा आणि जून १९८० मध्ये मुख्यमंत्रिपद. त्यांनी सुरू केलेली संजय गांधी निराधार योजना कोणा एका जमातीसाठी नव्हती. १९८१ मध्ये त्यांच्याच सरकारने कुलाबा जिल्ह्याला ‘रायगड’ हे नाव दिले.

मग आरोप आले. नियंत्रित सिमेंटच्या वाटपाच्या बदल्यात बिल्डरांकडून इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठानसाठी देणग्या घेतल्या, असा ठपका न्या. लेंटिन यांनी ठेवला आणि जानेवारी १९८२ मध्ये त्यांना पायउतार व्हावे लागले. ही गोष्ट झाकण्यात अर्थ नाही.

पुढचा भाग मात्र आपण सांगत नाही. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांचा खटला विशेष न्यायाधीशांकडून काढून थेट उच्च न्यायालयाकडे दिला. त्यामुळे अपिलाची एक पायरीच गेली. अंतुले लढत राहिले. १९८८ मध्ये सात न्यायमूर्तींच्या पीठाने बहुमताने मान्य केले की, तो आदेश चुकीचा होता आणि न्यायालयाच्या चुकीची शिक्षा कोणालाही होता कामा नये. डिसेंबर १९९१ मध्ये त्यांच्याच नावाच्या दुसऱ्या निकालात, खटला लवकर चालणे हा आरोपीचा मूलभूत हक्क असल्याचे पाच न्यायमूर्तींनी स्पष्ट केले. वर्षानुवर्षे तारखांची वाट पाहणाऱ्या कच्च्या कैद्यांसाठी वकील आजही या निकालाचा आधार घेतात.

याच काळात ते १९८९, १९९१ व १९९६ मध्ये लोकसभेवर निवडून गेले. १९९५-९६ मध्ये केंद्रीय आरोग्यमंत्री झाले. २००४ मध्ये पुन्हा खासदार झाले आणि २००६ मध्ये देशाचे पहिले अल्पसंख्याक व्यवहार मंत्री. सच्चर समितीचा अहवाल त्यांच्याच कारकिर्दीत, ३० नोव्हेंबर २००६ रोजी संसदेत आला.

जिल्ह्याचे नाव बदलले तरी लोकसभा मतदारसंघ ‘कुलाबा’च राहिला होता. २००९ मध्ये तो पहिल्यांदा ‘रायगड’ म्हणून मतदानाला सामोरा गेला, आणि त्याच निवडणुकीत अंतुले हरले. २ डिसेंबर २०१४ रोजी त्यांचे निधन झाले.

अंतुल्यांना आपले म्हणायचे तर सिमेंटसकट म्हणावे. आणि त्यांना दोषी धरणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावे, की तुरुंगातल्या ज्या गरिबाला वकीलसुद्धा मिळत नाही, त्याचा हक्क या आरोपीच्या खटल्यात नोंदला गेला आहे.