ग्रंथातून मागावर : आँझे येथील प्रकटीकरणाचा भित्तिपट

ग्रंथालयातून बाहेर गेलेल्या ग्रंथाची नोंद यादीत राहावी, ही ग्रंथव्यवहाराची जुनी शिस्त आहे. चौदाव्या शतकात फ्रान्सचा राजा पाचवा चार्ल्स याच्या लूव्र येथील ग्रंथसंग्रहातून एक सचित्र हस्तलिखित बाहेर गेले. ते राजाने आपला भाऊ, आँझूचा ड्यूक पहिला लुई यास भित्तिपट करवून घेण्यासाठी दिले, असे त्या संग्रहाच्या यादीत नमूद आहे. हस्तलिखित होते बायबलमधील अखेरच्या पुस्तकाचे, म्हणजे योहानाला झालेल्या प्रकटीकरणाचे. मध्ययुगातील जो सर्वांत मोठा विणलेला भित्तिपट आज शिल्लक आहे, त्याचा इतिहास या नोंदीशी जोडलेला आहे.

राजदरबारचा चित्रकार झाँ द ब्रुज याने चित्रांचे आराखडे केले. पॅरिसचा व्यापारी निकोला बताय याने विणकामाची जबाबदारी घेतली. १३७७ मध्ये त्यास रक्कम दिल्याची नोंद उपलब्ध आहे. सुमारे १३८२ पर्यंत काम पुरे झाले. सहा पट, एकूण लांबी सुमारे १४० मीटर, उंची सहा मीटरांच्या आसपास आणि चित्रे ९०, असा त्याचा मूळ विस्तार होता.

तो काळ सुखाचा नव्हता. १३४८ च्या महामारीने गावेच्या गावे ओस पाडली होती आणि १३३७ मध्ये सुरू झालेले इंग्लंडशी युद्ध संपत नव्हते. दुष्काळ, रोगराई आणि रणधुमाळी यांची प्रकटीकरणातील वर्णने त्या पिढीला दूरची वाटण्याचे कारण नव्हते. मात्र हे पुस्तक संहारावर थांबत नाही. त्याचा शेवट नव्या यरुशलेमेच्या दर्शनाने होतो. पटावरही संकटे आणि आश्वासन यांची चित्रे लाल व निळ्या पार्श्वभूमीवर आलटून पालटून येतात आणि बहुतेक प्रसंगांत योहान साक्षीदार म्हणून बाजूला उभा असतो. त्याच वेळी पटावरील फुलपाखरांच्या पंखांवर आँझू आणि ब्रिटनी घराण्यांची राजचिन्हेही विणलेली आहेत. श्रद्धा आणि कुळाचा अभिमान एकाच धाग्यात आले, हे नाकारण्याचे कारण नाही.

अशा विणकामात चित्र कापडावर काढलेले नसते. चित्र हेच कापड असते. बाण्याचा रंगीत धागा पटाच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत जात नाही. आपल्या रंगाच्या क्षेत्रापुरता जाऊन तो मागे वळतो आणि ताण्याला पूर्णपणे झाकून टाकतो. पैठणीच्या पदरावरील वेलबुट्टी याच तत्त्वावर विणली जाते. म्हणून महाराष्ट्रातील वाचकास ही पद्धत परकी वाटू नये. आँझेचा पट लोकरीचा असून त्याचे रंग वनस्पतींपासून काढलेले आहेत. चित्र मागावर आडवे विणले जाई. त्यामुळे समोर वाढत जाणारी आकृती उभी कशी दिसेल, हे विणकराला मनातच पाहावे लागे.

ड्यूकच्या वंशातील राजा रने याने हा पट आँझेच्या कॅथेड्रलला दिला. सणासुदीला तो तेथे टांगला जाई. अठराव्या शतकात मात्र अभिरुची पालटली. गायनाच्या आवाजाला त्याचा अडथळा होतो, अशी तक्रार झाली. विकावयास काढला, तर गिऱ्हाईक मिळाले नाही. फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात त्याचे तुकडे झाले. थंडीपासून संत्र्याची झाडे झाकण्यासाठी, घोड्यांच्या तबेल्यात आणि पायपुसण्यासाठी ते वापरले गेले. ज्या वस्त्रावर स्वर्गीय नगर विणले होते, ते चिखलात गेले.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास कॅथेड्रलचे धर्मगुरू जुबेर यांनी हे तुकडे गोळा करून, जोडून व दुरुस्त करून घेतले. ९० पैकी ७१ चित्रे आज शिल्लक आहेत. पटांची लांबी सुमारे १०० मीटर उरली आहे. १९५४ मध्ये आँझेच्या किल्ल्यात त्यांच्यासाठी स्वतंत्र दालन उभारण्यात आले. २०२३ मध्ये युनेस्कोने या पटाचा ‘जगाची स्मृती’ या नोंदवहीत समावेश केला.

१९८२ मध्ये पटाचे अस्तर काढण्यात आले, तेव्हा मागील बाजू प्रथमच नीट पाहता आली. दर्शनी बाजूचे रंग सहाशे वर्षांच्या उजेडाने फिकटले होते; मागे ते गडद व ताजे होते. शिवाय धाग्यांची टोके इतक्या काळजीने आत दडवली होती की उलट बाजू सुलट बाजूइतकीच स्वच्छ होती. भिंतीकडे राहणारी ही बाजू ड्यूक पाहणार नव्हता, उपासकही पाहणार नव्हते. चित्रकाराचे व व्यापाऱ्याचे नाव कागदपत्रांत टिकले. मागावर बसलेल्यांची नावे टिकली नाहीत. त्यांच्या अंतःकरणात काय होते, हे कोणतीही यादी सांगत नाही. परंतु ज्या ग्रंथाचा विषयच झाकलेले उघड होणे हा आहे, त्याच्या पटाची झाकलेली बाजू त्यांनी तितक्याच निष्ठेने विणली, ही साक्ष वस्त्राने स्वतःच जपून ठेवली आहे.