जप्त झाले म्हणून जपले गेले

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर किल्ले, तख्त आणि लढाया उभ्या राहतात. मध्ययुगावर आपल्याकडे तावातावाने वाद होतात. पण आपल्या पणजोबांच्या काळात, म्हणजे गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांत, या समाजाने काय विचार केला, कोणत्या संस्था काढल्या, कशासाठी चंदा दिला, असे विचारले तर बहुतेकजण गप्प होतात. हा काळ दगडी इमारतींत सापडत नाही, तो कागदांत आहे. खाजगी पत्रे, अंजुमनच्या सभांची इतिवृत्ते, चंद्याच्या पावत्या, जलशांची हस्तपत्रके, दावतीचे रुक्के, मदरशांचे वार्षिक अहवाल हे ते कागद होत. हे कागद कोणी जपले आणि कोणत्या हेतूने जपले, यावर त्या काळाचा इतिहास कसा लिहिला जाणार हे ठरते. मुंबईच्या मुस्लिम सार्वजनिक जीवनाचे उदाहरण घेतले तर ही गोष्ट स्पष्ट होते.

एका घराने जपलेली पत्रे

शालेय पुस्तकात बद्रुद्दीन तय्यबजी (१८४४–१९०६) एका ओळीत येतात: काँग्रेसचे पहिले मुस्लिम अध्यक्ष, मद्रास अधिवेशन, १८८७. थोडे अधिक वाचणाऱ्याला हे माहीत असते की १८७४ साली मुंबईत अंजुमन-ए-इस्लाम उभी करणाऱ्यांत ते अग्रभागी होते, १८९५ साली ते मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले आणि १८९७ च्या राजद्रोह खटल्यात लोकमान्य टिळकांना जामीन त्यांनीच दिला. एवढ्यावरून जो माणूस उभा राहतो तो पुतळ्यासारखा ठाम वाटतो.

तय्यबजींच्या घराण्याने त्यांची पत्रे जपली. पुढे ती दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात पोहोचली. त्यांतली काही महत्त्वाची पत्रे मुंबई सरकारने १९५८ मध्ये स्वातंत्र्य चळवळीच्या साधनग्रंथात छापली. ती वाचली की पुतळ्याच्या जागी जिवंत माणूस दिसू लागतो. मद्रासचे अधिवेशन चालू असतानाच सर सय्यद अहमद खान यांनी लखनौच्या भाषणात काँग्रेसला विरोध केला होता. जानेवारी १८८८ मध्ये त्यांनी तय्यबजींना पत्र लिहिले आणि ‘राष्ट्रीय’ काँग्रेस या शब्दांनाच हरकत घेतली. तय्यबजींनी फेब्रुवारीत उत्तर दिले. त्याचा आशय असा की, हिंदुस्थानात अनेक समाज आहेत आणि प्रत्येकाचे काही प्रश्न वेगळे आहेत हे मान्य. पण काही प्रश्न सर्वांचे आहेत, त्यांवर एकत्र बसण्यात गैर काय? जो प्रश्न मुसलमानांना एकमुखाने नको असेल तो बाजूला ठेवता येईल. दोन मोठी माणसे एकमेकांशी मूलभूत मतभेद मांडतात आणि भाषेची मर्यादा कुठेही सुटत नाही. आजच्या आपल्या वादांपुढे ही पत्रे ठेवून पाहावीत.

याहून महत्त्वाचे पत्र ऑक्टोबर १८८८ चे आहे. त्यात तय्यबजी ह्यूम यांना लिहितात की मुसलमानांचा विरोध योग्य असो वा अयोग्य, तो आहे ही वस्तुस्थिती आहे. तेव्हा अलाहाबादचे अधिवेशन झाल्यावर काँग्रेस निदान पाच वर्षे स्थगित ठेवावी. काँग्रेस स्थगित झाली नाही. मात्र अलाहाबादला त्याच वर्षी असा नियम झाला की ज्या विषयाला हिंदू अथवा मुस्लिम प्रतिनिधींचा एकमताने किंवा जवळजवळ एकमताने विरोध असेल तो विषय चर्चेला घेऊ नये.

व्यासपीठावर ठाम असलेला नेता खाजगीत किती अस्वस्थ होता, हे भाषणांतून कधीच कळले नसते. पत्रे नसती तर तय्यबजी एका गटासाठी आदर्श मुसलमान आणि दुसऱ्या गटासाठी समाजापासून तुटलेला माणूस एवढेच उरले असते. त्यांचा पेच या दोन्ही घोषणांहून खोल होता, हे कागदांमुळे कळते.

घरातली वही

याच घराण्यात आणखी एक रीत होती. घरात एक जाडजूड वही ठेवलेली असे. तिला ‘अखबार की किताब’ म्हणत. घरातल्या कोणीही तिच्यात लिहावे, इतरांनी वाचावे. कोण पाहुणे आले, कोण आजारी पडले, कोणाचे लग्न ठरले, प्रवासात काय पाहिले, याच्या नोंदी त्यात होत. पुरुषांबरोबर स्त्रियाही लिहीत, मुलेही लिहीत. भाषा मुख्यतः उर्दू. हे घराणे मुळात गुजराती बोलणारे. घराण्याचे मूळपुरुष तय्यबजी भोयमिया यांनी आपले आत्मवृत्त गुजरातीतच लिहिले होते. पुढच्या पिढीने समजून-उमजून उर्दू स्वीकारली. एखादा समाज आपली भाषा कशी बदलतो, हे एवढ्या जवळून दाखवणारी साधने फार थोडी आहेत. या वह्यांच्या आधारे सलीमा तय्यबजी यांनी १८७० ते १९४५ या काळातील आपल्या समाजाच्या बदलत्या जगाचा इतिहास लिहिला. तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला.

त्याच गोतावळ्यातल्या अतिया फैझी १९०६ साली शिक्षक-प्रशिक्षणासाठी लंडनला गेल्या. तिथून त्यांनी बहिणीला रोजनिशीवजा पत्रे लिहिली. ती लाहोरच्या ‘तहजीब-ए-निस्वाँ’ या स्त्रियांच्या पत्रात छापली गेली आणि १९२१ मध्ये ‘जमाना-ए-तहसील’ या नावाने पुस्तकरूपाने आली. अतियांच्या दुसऱ्या भगिनी नाझली बेगम आपल्या कोकणातल्या जंजिऱ्याच्या नवाबांच्या पत्नी होत्या. मुस्लिम स्त्री शंभर वर्षांपूर्वी शिकत नव्हती, असे सरसकट विधान आपल्याकडे सहज केले जाते. शिकणाऱ्या संख्येने थोड्या होत्या हे खरेच. पण ज्या होत्या त्यांच्या घरांनी कागद जपले म्हणून आपण त्यांची नावे घेऊ शकतो. बाकीच्या ज्या असतील, त्यांच्या पत्रांची रद्दी झाली.

चंद्याचा हिशेब

घराण्याची गोष्ट वेगळी, संस्थेची वेगळी. घरात कोणी तरी वारस असतो. संस्थेचे पदाधिकारी बदलले की कागद बेवारस होतात.

१९१९ साली मुंबईत खिलाफत कमिटी स्थापन झाली आणि मुंबई हे त्या देशव्यापी चळवळीचे मुख्य केंद्र बनले. गरीब कारागिरांनी पैसा-पैसा दिला, बायकांनी अंगावरचे दागिने दिले. चंद्याच्या पावत्या चलनी नोटांसारख्या छापल्या गेल्या; त्या आज नाणीसंग्राहकांकडे दिसतात. कमिटीचे अध्यक्ष मियाँ मोहम्मद छोटाणी हे लाकडाचे मोठे व्यापारी होते. तुर्कस्तानच्या मदतीसाठी जमलेल्या रकमेपैकी सुमारे १६ लाख रुपये त्यांच्या व्यवसायात गुंतले आणि परत करता येईनात. अखेर त्यांनी आपल्या लाकूड-गिरण्या कमिटीच्या हवाली केल्या. यावर चौकशी झाली, वर्तमानपत्रांतून कडाक्याचे वाद झाले.

हा प्रसंग झाकून ठेवावा असे काहींना वाटते. माझे मत उलट आहे. हिशेबाचा कागद आहे म्हणून चूक कोणाची, किती रकमेची आणि तिची भरपाई कशी झाली हे नेमके सांगता येते. कागद नसता तर ‘खिलाफतवाल्यांनी पैसे खाल्ले’ एवढे एक मोघम वाक्य उरले असते आणि पैसा-पैसा देणारे लाखो प्रामाणिक लोकही त्याच वाक्यात गाडले गेले असते. बदनामी टाळण्यासाठी दप्तर नाहीसे करणाऱ्या संस्थेने ही गोष्ट ध्यानात घ्यावी.

सरकारी दप्तरातला मुसलमान

आता हस्तपत्रके, छोट्या पुस्तिका आणि वर्तमानपत्रे यांच्याकडे वळू. हा कागद मुळातच टिकण्यासाठी छापलेला नसतो. जलसा संपला की पत्रकात भजी बांधली जातात. मग शंभर वर्षांपूर्वीची उर्दू पत्रके आज पाहायला कशी मिळतात? याचे उत्तर काहीसे विचित्र आहे. त्यातली पुष्कळशी सरकारने जप्त केली होती, म्हणून ती राहिली.

१८६७ च्या कायद्याने छापखान्यांना प्रत्येक पुस्तकाची नोंद करणे भाग पडले. दर तिमाहीला सरकारी याद्या निघत. त्यांत लेखक, छापखाना, पाने, प्रती, किंमत असा तपशील असे. १८६८ पासून मुंबई सरकार देशी वर्तमानपत्रांतील मजकुराचे साप्ताहिक इंग्रजी सारांश तयार करू लागले. १९१० च्या प्रेस कायद्याने जप्तीचे अधिकार वाढवले. जुलै १९२१ मध्ये कराचीच्या खिलाफत परिषदेत इंग्रजांच्या सैन्यात नोकरी करणे मुसलमानाला हराम आहे असा ठराव झाला. अली बंधूंवर खटला चालून दोन वर्षांची शिक्षा झाली. त्याच मुद्द्यावरचा जमियत-उल-उलमाचा ‘मुत्तफिका फतवा’ जप्त झाला. अशा जप्त साहित्याच्या प्रती पोलिसांच्या दप्तरात गेल्या, काही लंडनला गेल्या. आज दिल्लीचे राष्ट्रीय अभिलेखागार आणि लंडनची ब्रिटिश लायब्ररी येथे ते संग्रह आहेत आणि त्यांच्या छापील सूचीही निघाल्या आहेत. मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या राज्य पुराभिलेखागारात वर्तमानपत्रांचे ते साप्ताहिक सारांश अभ्यासकाला पाहता येतात.

ज्यांनी हे नष्ट करायचे ठरवले त्यांच्याच फायलींत ते सुरक्षित राहिले, हा दैवदुर्विलास म्हणावा लागेल. पण यात एक धोका आहे. पोलीस आणि सरकारी अनुवादक आपल्याला हवे तेवढेच टिपतात. मिरवणूक, दंगा, भडक भाषण, सरकारविरोधी अग्रलेख यांचा सारांश होतो. त्याच अंकात मुलींच्या शाळेची जाहिरात असेल, गजल असेल, एखाद्या हकिमाची हिवतापावरची सूचना असेल. ती कोणी उतरवून घेत नाही. मूळ अंक नाहीसा झाला की सारांश तेवढा उरतो. मग त्यावरून लिहिलेल्या इतिहासातला मुसलमान नेहमी मिरवणुकीत, दंग्यात किंवा कोर्टात भेटतो. शाळेत, दुकानात, दवाखान्यात तो भेटतच नाही. इतिहासकाराचा हेतू शुद्ध असला तरी साधनेच एकांगी असतात. आपण आपले कागद जपले नाहीत की आपला इतिहास आपल्यावर पाळत ठेवणाऱ्यांच्या नजरेने लिहिला जातो.

अदब आणि जतन

आपल्या घरांतून कागद नाहीसे होण्याचे एक खास कारण आहे. ज्या कागदावर बिस्मिल्लाह आहे, आयत आहे, तो पायदळी जाऊ नये, कचऱ्यात पडू नये, म्हणून आपण तो साठवतो आणि मग विहिरीत, नदीत, समुद्रात ‘ठंडा’ करतो. भावना उत्तम आहे. पण दावतीच्या रुक्क्यावर, अंजुमनच्या अहवालावर, आजोबांच्या पत्रावरही वर बिस्मिल्लाह किंवा ७८६ असतेच. त्यामुळे कुराणाच्या जीर्ण पानांबरोबर घराची तवारीखही पाण्यात जाते.

अदब राखण्याची दुसरी रीतही आपल्याच परंपरेत आहे. येमेनमध्ये सनाच्या जामा मशिदीत जीर्ण पाने फेकली नाहीत की बुडवली नाहीत. ती मशिदीच्या छताजवळच्या पोकळीत ठेवली गेली. १९७२ मध्ये दुरुस्तीच्या वेळी ती सापडली आणि त्यांत कुराणाच्या अतिप्राचीन प्रतींची पाने निघाली. बे-अदबी टळली आणि ज्ञानही राहिले.

आपल्या हातात काय आहे

हे काम श्रीमंत घराण्यांचे किंवा सरकारचे आहे असे समजण्याचे कारण नाही. हैदराबादेत अब्दुस्समद खान यांनी एकट्याच्या जिद्दीने उर्दू पुस्तके आणि मासिकांचा प्रचंड संग्रह उभा केला. पुढे शिकागो विद्यापीठाच्या पुढाकाराने तो विकत घेऊन हैदराबादेतच सुंदरय्या विज्ञान केंद्रात ठेवला गेला. ऑगस्ट २००० च्या पुरात तिथे पाणी शिरून बरीच हानी झाली. एका माणसाने आयुष्य घालून जमवलेले एका रात्रीच्या पावसाने भिजते. म्हणून कागद नुसता ठेवून भागत नाही, त्याची दुसरी प्रत दुसऱ्या ठिकाणी असावी लागते.

कागदाचे महत्त्व आता सर्वांनाच कळू लागले आहे. २०१९ मध्ये नागरिकत्व कायद्यात दुरुस्ती झाली तेव्हा घराघरांत दाखले शोधले गेले. २०२५ च्या वक्फ दुरुस्ती कायद्याने नोंदणीकृत मालमत्तांचे तपशील सहा महिन्यांत पोर्टलवर भरण्याचे बंधन घातले, तेव्हा मुतवल्लींना जुन्या सनदा आणि नोंदी शोधाव्या लागल्या. पण हक्क सिद्ध करणारा कागद आपण कपाटात ठेवतो आणि जगणे सांगणारा कागद रद्दीत देतो. कोकणातून आफ्रिकेत आणि आखातात गेलेल्यांची पत्रे, बोटीवरच्या खलाशांच्या मनीऑर्डरींच्या पावत्या, जमातीच्या बैठकींच्या वह्या यांना कोणत्याही पोर्टलवर रकाना नाही. १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाईंच्या पुढाकाराने सात मुस्लिम महिलांनी मुंबईत विधिमंडळावर मोर्चा नेला. त्यांचे म्हणणे पटो न पटो, त्या दिवसाचे फलक आणि निवेदने ही आपल्या इतिहासाची कागदपत्रे आहेत. १९९० च्या सोलापूरच्या पहिल्या मुस्लिम मराठी साहित्य संमेलनाची निमंत्रणपत्रिका, तिथल्या ठरावांचा कागद यांनाही तेच मोल आहे.

करायचे ते फार अवघड नाही. प्रत्येक जमातीने आणि अंजुमनने आपल्या जुन्या वह्यांची साधी यादी करावी: वर्ष, विषय, पाने. गठ्ठा ज्या क्रमाने बांधलेला असेल तो क्रम मोडू नये, कारण क्रमही माहिती देतो. कागदाला लॅमिनेशन करू नये, चिकटपट्टी लावू नये. दोन्ही कालांतराने कागद खातात. गंजलेल्या टाचण्या हलक्या हाताने काढाव्यात. छायाचित्रामागे पेन्सिलीने नावे आणि साल लिहावे. मोबाइलवर दोन्ही बाजूंचे फोटो काढून ते दोन ठिकाणी ठेवावेत.

आणि हे वाचणार कोण? आजोबांची उर्दू पत्रे पेटीत आहेत, नातवंडे मराठी किंवा इंग्रजी शाळेत जातात. त्यांना त्यातले अक्षरही लागत नाही. उर्दू शाळेतल्या मुलांना लागते. मी शिकवतो त्या नववी-दहावीच्या वर्गातला चांगला विद्यार्थी थोड्या मदतीने शिकस्ता वळणाचे पत्रही लावू शकतो. मोहल्ल्यातल्या दहा घरांची पत्रे त्याने वाचून मराठीत उतरवली तर त्याचे भाषेचे शिक्षण होईल आणि त्या घरांना आपले वडीलधारे पुन्हा भेटतील. ज्या घरात मराठीच वाचली जाते, त्या घराला आपलीच उर्दू तवारीख कळण्याचा दुसरा मार्ग नाही.

यंदा ईदआधी घराला सफेदी काढताना माळ्यावरची पेटी खाली येईल. ती रद्दीवाल्याकडे किंवा नदीकडे नेण्याआधी एकदा उघडून पाहावी, एवढीच विनंती.